सावरटेकच्या बाजेला जाहीर झालेला पुरस्कार परत घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
ग्रामगौरव व लोकसहभाग कक्ष,
तालुका कार्यालय आवार.

अर्जदार : पुंजाजी तुळशीराम अवसरमोल, वय ७४, सेवानिवृत्त ग्रंथालय लिपिक,
रा. टेकडीवस्ती, मौजे सावरटेक, बाजारपेठ बीबी, जि. बुलढाणा.

विषय : सावरटेकच्या स्वयंसेवकांना जाहीर झालेला 'आदर्श लोकसहभाग' पुरस्कार परत घेऊन, ओढा ओलांडण्याची सोय करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे अभिनंदनाचे पत्र. २) पुलाचा प्रस्ताव निकाली काढल्याचे पत्र. (दोन्ही पत्रे एकाच पाकिटातून मिळाली.)

महोदय,

१. अर्जदाराचे आयुष्य पुस्तकांच्या कपाटांमागे गेले. चारचौघांत त्याला बोलता येत नाही. ग्रामसभेत हात वर करायचा म्हटले तरी त्याच्या तळव्याला घाम फुटतो. प्रस्तुत अर्ज त्याने तिसऱ्यांदा लिहायला घेतला आहे. पहिला फारच नम्र झाला होता, आणि दुसरा वाचून त्याची त्यालाच भीती वाटली. हा तिसरा तरी नीट उतरेल याची त्याला खात्री नाही. भाषेत कोठे कठोरपणा आढळल्यास तो अर्जदाराच्या अपुऱ्या शब्दसंग्रहाचा दोष समजावा.

२. सावरटेक गाव आणि टेकडीवस्ती यांच्या मधून ओढा वाहतो. उन्हाळ्यात तो दाखवून द्यावा लागतो, पावसाळ्यात तो स्वतःच दिसतो. डांबरी रस्ता, रेशनचे दुकान आणि दवाखान्याला जाणारे ऑटो गावाच्या बाजूला आहेत. साठेक घरे, विहार आणि विहाराच्या पडवीतली अर्जदाराची दोन कपाटांची वाचनखोली वस्तीच्या बाजूला. पाणी कमरेपर्यंत आले की वस्ती तुटते. पूर्वी अशा दिवसांत आजारी माणूस घरात पडून पाणी उतरण्याची वाट पाही. पाणी आधी उतरले तर तो वाचे.

३. सहा पावसाळ्यांपूर्वी गावातल्या अंबूबाईंनी आपल्या दिवंगत नवऱ्याची बाज, म्हणजे विणलेली खाट, वस्तीला देऊन टाकली. "मानूस गेला. आता रिकाम्या बाजेची पूजा करू काय? न्या, कोनाच्या तरी कामी येऊ द्या," एवढेच त्या बोलल्या. त्यांच्या मुलाने, भाजीपाला पिकवणाऱ्या हिंमतरावने, खांद्यावर घ्यायला बांबू दिले. वस्तीवरच्या कलाबाईंनी जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांनी बाज पुन्हा विणली. गावाकडून हिंमतराव आणि निवृत्ती, वस्तीकडून संघपाल आणि प्रसेनजित, असे चार खांदे ठरले. निवृत्ती बुटका असल्याने त्याच्या खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवावी लागते, त्यावरून त्याची जी थट्टा होते ती या अर्जात लिहिण्यासारखी नाही.

४. तेव्हापासून पावसाळ्यात वस्तीचा कोणीही रुग्ण घरी पडून राहिला नाही. दवाखान्यात बसलेल्या माणसाला गावातल्या बाया भाकरी पोहोचवतात. गावात कोणाच्या शेतातली निंदणी अडली तर वस्तीच्या बाया न बोलावता जातात. ज्या ओट्यांवर पूर्वी वस्तीच्या माणसाला वेगळ्या कपात चहा मिळे, त्या ओट्यांवर आता हाती येईल तो कप दिला जातो. याचे कारण अर्जदाराला पुस्तकात सापडले नाही, ओढ्यात सापडले. एका बाजेखाली चार खांदे आले आणि पायाखाली शेवाळलेले दगड असले की मागचा माणूस पुढच्याची जात पाहत नाही, तो पाऊल कुठे टाकतो ते पाहतो. परंतु हेही नमूद करणे आवश्यक आहे की बाज पुलाऐवजी कधीच नव्हती. ती पूल होईपर्यंत होती. म्हणूनच बाज वाहणारे हेच चौघे दर वर्षी अर्जदाराकडून पुलाचा अर्ज लिहून घेत आणि कलाबाईंना पुढे घालून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत.

५. या अर्जांवरून यापूर्वी ज्या पाहण्या झाल्या त्या सर्व मे महिन्यात झाल्या. ओढ्यात पाणी आढळून आले नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो खोटा आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. यंदा मात्र फार पाठपुरावा केल्यावर पाहणी अधिकारी जुलै महिन्यात आले. त्यांनी पांढरे बूट घातले होते. पाणी पाहून ते म्हणाले की, उतरल्यावर येतो. असे झाले असते तर पुन्हा मे महिना उजाडला असता. तेवढ्यात पलीकडून कलाबाईंनी हाक दिली, "काऊन रे हिंमता, सायबाले पान्यातून आनतं का? पाव्हन्याचे पाय आपन धुवाव, नाल्यानं नाई!"

६. आमच्याकडे दारी येणाऱ्याचे पाय आधी धुतात आणि नाव मागाहून विचारतात. या पद्धतीस अनुसरून अधिकाऱ्यांना बाजेवर बसवण्यात आले. ओढ्याच्या मध्यावर ते थोडे घाबरले, तेव्हा हिंमतरावने त्यांना धीर दिला, "घट्ट धरा साहेब. जितेपनी चौघाइच्या खांद्यावर बसाचा मान सगळ्याइले नाई भेटत." साहेब हसले आणि त्यांनी बसल्या बसल्या स्वतःचा फोटो काढला. त्यांच्या मागून अर्जदार छातीइतक्या पाण्यातून पुलाच्या प्रस्तावाची फाइल डोक्यावर धरून चालला. फाइल कोरडी पोहोचली. पुढचा अहवाल पाहता ती वाहून गेली असती तरी शासनाचे काही नुकसान झाले नसते. वस्तीवर साहेबांनी कलाबाईंच्या हातचा झुणका दोनदा मागून घेतला. परतीच्या खेपेला त्यांचे वजन वाढले होते, असे निवृत्तीचे म्हणणे आहे.

७. साहेबांच्या अहवालातील वाक्य अर्जदाराला पाठ झाले आहे : "ग्रामस्थांनी ओढा ओलांडण्याची समाधानकारक पर्यायी व्यवस्था निर्माण केली असून अधोहस्ताक्षरिताने स्वतः तिचा लाभ घेतला आहे. प्रवास सुखावह आहे. सबब पुलाची निकड दिसून येत नाही." पाण्यात पडलेल्या माणसाने जीव वाचवायला हातपाय मारावेत आणि काठावरच्याने त्याला पोहण्याचे प्रशस्तिपत्र द्यावे, तसा हा प्रकार आहे. गाव एकमेकांच्या मदतीला धावते हे आपल्या कार्यालयाला इतके आवडले की आता त्या मदतीची गरज संपू नये याची काळजी आपण वाहत आहात. दिवंगत माणसाची बाज दान मिळाली, लुगडी दान मिळाली, खांदे दान मिळाले. शासनाने यात आपला वाटा म्हणून एक अभिप्राय दिला. अर्जदाराला हे वाक्य उद्धट वाटते. त्याने ते दोनदा खोडले. पण त्यात चूक काय, हे त्याला सापडले नाही.

८. पुरस्काराचे पत्र आल्यावर आपल्या कक्षातून एका तरुण कर्मचाऱ्याचा फोन आला. मुलगा बोलायला गोड आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. तो म्हणाला, "काका, १८ सप्टेंबरला कार्यक्रम आहे. बाज दोन दिवस आधी पाठवून द्या, फुलं लावायची आहेत. चौघं पांढऱ्या कपड्यांत पाहिजेत. स्टेजवर निळं कापड अंथरून ओढा करणार आहोत, त्यातून प्रात्यक्षिक होईल." पेशंट कोण होणार, असे अर्जदाराने विचारले. "ते आमच्याकडून देऊ, चांगला धडधाकट माणूस देऊ," असे उत्तर मिळाले. शिवाय हा उपक्रम पुढील पाच वर्षे अखंड चालू ठेवण्याचे हमीपत्र हवे, आणि ते अर्जदारानेच लिहावे, कारण त्याचे अक्षर चांगले आहे. पाच वर्षे बाज वाहण्याची हमी म्हणजे पाच वर्षे पूल न मागण्याची हमी. अर्जदाराने कागद पुढे घेतला, 'हमीपत्र' हा शब्द लिहिला आणि पेनाला टोपण लावले.

९. याच फोनवर आणखी एक माहिती मिळाली. समारंभाचे मैदान आणि रस्ता यांच्यामध्ये नाला आहे. प्रमुख पाहुण्यांचे पाय भिजू नयेत म्हणून आपण त्यावर लाकडी साकव उभारला आहे. मागणी, मंजुरी आणि बांधणी एका आठवड्यात झाली. त्यासाठी मे महिन्यात पाहणी झाल्याचे ऐकिवात नाही. हिंमतराव टमाटे घेऊन तिकडे गेला होता, तेव्हा तो त्या साकवावर उड्या मारून आला. म्हणाला, "आबा, लय मजबूत हाये, हालत बी नाई. पावलाइनं मोजून आलो. आपल्या नाल्यावर बराबर बसते."

१०. आता ज्या कारणासाठी हा अर्ज तातडीने लिहावा लागला ते कारण. कलाबाईंची सून मंजुश्री हिचे दिवस भरत आले आहेत. तिचा नवरा प्रज्वल बाहेरगावी कंपनीत आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे की मूल पोटात आडवे आहे, कळांची वाट पाहू नका, १८ सप्टेंबरला सकाळीच येऊन दाखल व्हा. म्हणजे ज्या दिवशी बाज आणि चार खांदे आपल्या निळ्या कापडावरून धडधाकट माणूस वाहून नेतील, त्याच दिवशी अलीकडे खऱ्या पाण्याच्या काठावर मंजुश्री उभी असेल. ती वाचनखोलीत पुस्तक बदलायला आली तेव्हा तिने हळूच विचारले, "आबा, त्या दिवशी बाज इकडंच राहीन ना?" अर्जदाराने तिला पुस्तक बदलून दिले. तो कपाटाकडे तोंड करून उगाच पुस्तके सरळ करत राहिला.

११. यासाठी विहारात गाव आणि वस्ती यांची एकत्र बैठक झाली. पुरस्कार घ्यावा असेही काहींचे मत होते, हे लपवण्याचे कारण नाही. हिंमतराव म्हणाला, "घेऊ ना, आपलं काय जाते? आईच्या बाजेचा मान हाये. फोटो निघन, शाल भेटन." त्यावर कलाबाई उठल्या. "घे ना बाप्पा, घे. अन् त्या दिवशी नाल्याले पूर आला की माह्या सुनेले तुह्या शालीवर बसवून नेजो." हिंमतरावने मान खाली घातली, आणि मग त्यानेच अर्जदाराला सांगितले, "लिहा आबा. बाज येत नाई म्हना. अन् साकवाचं बी लिहा." बाजेच्या मूळ मालकीण अंबूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी "हाव, लिहा," म्हणून दुजोरा दिला.

१२. सबब, आपणांस विनंती की :

(अ) सावरटेकला जाहीर झालेला पुरस्कार परत घेण्यात यावा. ज्या गावाला मदतीची गरज नाही अशा एखाद्या गावास तो देता येईल.

(आ) पुलाचा निकाली काढलेला प्रस्ताव पुन्हा उघडून पावसाळा संपण्यापूर्वी पाहणी करण्यात यावी. येणाऱ्या अधिकाऱ्यास वस्तीवर चहा, भाकरी आणि पाय धुवायला पाणी मिळेल. ओढा मात्र त्यांनी स्वतःच्या पायांनी ओलांडायचा आहे. ग्रामस्थांनी बैठकीत तसे ठरवले असून पाहुण्यांची आमची रीत त्यापुरती स्थगित आहे.

(इ) समारंभासाठी उभारलेला लाकडी साकव १८ सप्टेंबरपूर्वी आमच्या ओढ्यावर आणून बसवण्यात यावा. मंजुश्री त्यावरून चालत ऑटोपर्यंत जाईल. मग बाज आणि आमचे चौघे मोकळे होतील, आणि मैदानाजवळचा नाला ओलांडून प्रमुख पाहुण्यांना व्यासपीठावर नेण्यासाठी आम्ही ते आनंदाने पाठवू. ही व्यवस्था समाधानकारक व सुखावह असल्याचा आपल्याच अधिकाऱ्याचा लेखी दाखला उपलब्ध आहे, त्यामुळे पाहुण्यांची गैरसोय होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

१३. वरील विनंती मान्य न झाल्यास बाज गावातच राहील आणि चौघे मंजुश्रीला घेऊन जातील. समारंभाला सावरटेकतर्फे एकटा अर्जदार येईल. गावाचे नाव पुकारल्यावर तो व्यासपीठावर चढेल आणि ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून हा संपूर्ण अर्ज, विषय आणि संदर्भासह, वाचून दाखवील. अर्जदाराने आजवर कोणत्याही सभेत तोंड उघडलेले नाही. त्याचा आवाज मध्येच बसेल, याची त्याला पूर्ण कल्पना आहे. तसे झाल्यास तो पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करील.

निर्णय लवकर कळवावा, म्हणजे त्याला वाचनाचा सराव करायचा की नाही हे ठरवता येईल.

आपला, अद्याप नम्र,

(पुंजाजी तुळशीराम अवसरमोल)
टेकडीवस्ती, सावरटेक
दि. ५ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. पाहणी अहवालाची प्रत.
२. डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीची प्रत.
३. समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेची छायाप्रत. (मूळ पत्रिका प्रवेशासाठी लागणार असल्याने अर्जदाराने स्वतःजवळ ठेवली आहे.)