दोरा परत ओवायचा

प्रिय अमरनाथ,

'प्रिय' ही पत्राची रीत. त्यापलीकडं त्यात काही शोधत बसू नकोस.

लातूरच्या कार्यक्रमातलं तुझं भाषण मी मोबाइलवर दोनदा ऐकलं. कंपायलरमध्ये एका फंक्शननं दुसऱ्याला कामाला बोलावताना सोबतचा माल, म्हणजे आर्ग्युमेंटं, कशी द्यावीत हे तू लई गोड समजावलंस. म्हणालास, माझे वडील शिंपी, त्यांच्या दुकानात मी हे शिकलो. अमरनाथ, तुझे वडील लातूरजवळ मुरुडला सोयाबीन पेरतात. शिंपी माझे अब्बा आहेत. आपण दोघांनी लिहिलेला कंपायलर तू एकट्याच्या नावावर लावलास तेव्हा मी गप्प बसले. पण माझा बाप न्यायला तुला कुणी सांगितलं होतं?

फायनल इयरला आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवून तो कंपायलर जो प्रोग्राम द्यायचा, तो किती रखडत चालायचा, आठवून बघ. प्रत्येक आर्ग्युमेंट आधी मेमरीत ठेवायचं, मग दुसऱ्या फंक्शननं ते तिथून उचलायचं. तू वैतागून पुस्तकं आपटत होतास. मीच तुला नांदेडला आमच्या दुकानात आणलं आणि नुसतं बघत बस म्हटलं. अब्बा कारागिराला सुई, खडू, मापाची चिठ्ठी थेट हातात देत. कापडाचा अख्खा गठ्ठा मात्र कधी उचलून देत नसत, तिसऱ्या खणात आहे एवढंच सांगत. दुसऱ्या दिवशी आपण पहिली सहा आर्ग्युमेंटं रजिस्टरमध्ये टाकली, म्हणजे प्रोसेसरच्या हातातच, आणि जे मोठं होतं त्याचा फक्त पत्ता दिला. प्रोग्राम निम्म्या वेळात पळाला. अम्मीनं त्या दिवशी खिचडी-खट्टा केला होता, तू तीनदा घेतलास. खाल्लेलं तरी आठवायला पाहिजे होतं.

अब्बांचा खरा कायदा दोऱ्याचा. दुसऱ्याच्या मशीनवर बसून दोरा बदललास, तर उठायच्या आधी पहिला दोरा परत ओवायचा. तू हौसेनं मशीनवर बसलास, पांढरा दोरा घातलास आणि तसाच उठलास. कारागिरानं न बघता काळ्या शेरवानीवर टीप मारली. अब्बा शेरवानी ओढून स्वतःच उसवत बसले. त्यावरूनच आपला नियम ठरला की बोलावलेल्या फंक्शननं जे रजिस्टर बदललं, ते पहिल्यासारखं करूनच परतायचं.

आणि भाषणात तू काय सांगितलंस? दोरा मास्टरनं, म्हणजे काम सांगणाऱ्यानं, ओवायचा. तशी रीतही काही ठिकाणी असते, पण आपली नव्हती. कारागिरानं दोरा बदलला की नाही, मास्टरला काय ठाऊक? तो बिचारा दर वेळी ओवत बसेल. ज्यानं हात लावला त्यालाच ठाऊक असतं, म्हणून त्यानंच ओवायचा. अरे, चोरी केलीस तीही अर्धवट. मी आठ वर्षं हा विषय पोरांना शिकवून राहिले, तुला नापासच केलं असतं.

इकडची खबर म्हणशील तर अब्बांना आता दोरा दिसत नाही. दुकान या महिन्यात बंद करतोय. मी तुझं भाषण ऐकत होते तेव्हा ते शेजारीच बसलेले. तुझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. वाटलं, आता चिडतील. ते खूश झाले. म्हणाले, अमरनाथचे वालिद पण आपल्याच धंद्यातले, हे त्यानं कधी सांगितलंच नाही, लाजत असेल. मी हाव, तसंच असेल म्हटलं. तुझ्यासाठी मी त्यांच्याशी खोटं बोलले, याचा राग मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त येतो.

येत्या रविवारी आमच्या कॉलेजात तुझं तेच भाषण आहे. अब्बा येणार आहेत. त्यांनी त्यांची कापायची मोठी कात्री धार लावून, फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. तुझ्या वडिलांना द्यायची म्हणतात. आपलं दुकान मिटलं, निदान कात्री तरी एखाद्या शिंप्याच्या हातात राहावी. पहिल्या रांगेत बसतील, मांडीवर ती कात्री घेऊन. मी त्यांना काहीही सांगणार नाही. दोरा तू बदललास, तूच ओव.

तुझीच, पण या कागदापुरती,
शबाना