मक्यावर फुगलेली डुकरं

लुधियाना

ती. आईस, सागरचा नमस्कार.

मी बरा आहे, डुकरं बरी नाहीत. ती वाढली नाहीत, नुसती चरबीनं फुगली, असं काल डॉक्टरांनीच सांगितलं.

आमच्या फार्मच्या मॅनेजरनं सोयाबीनची ढेप बंद करून नुसता मका लावला. "डुकराला काय, पोट भरलं की झालं!" एवढीच त्याची अक्कल. मक्यानं ताकद येते, पण मांस भरायला ढेपेतली प्रथिनं लागतात. स्वतःची पोरं नुसत्या भातावर वाढवून पाहा म्हणावं!

आता म्हणतो, खाणं सागरनंच बिघडवलं. दोनपैकी एका कप्प्यातल्या डुकरांना मी उरलेली ढेप चालूच ठेवली, हे मी फक्त मालकांना सांगितलंय; त्या शहाण्याला ठाऊकच नाही.

आपलं सोयाबीन निघालं का?

सोमवारी मालक दोन्ही कप्प्यांचं वजन स्वतः करणार आहेत. मग आमच्यातला एक जण घरी जाईल, बहुतेक तोच. मीच मोताळ्याला आलो, तर बाबांना "डुकरंच काऊन राखले बे?" असं विचारू देऊ नको.

तुझा सागर