गुळाचा नियम

समडोळी,
क्षमावाणीचा दिवस

प्रिय सुमंत,

पोस्टाने आलेलं पाकीट बघून तू आधी हसशील. दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस तिकीट चिकटवून पत्र पाठवतो, म्हणजे भरतेशचं डोकं फिरलं, असंच तुला वाटेल. फोनवर मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. कागदावर निदान खाडाखोड तरी दिसते, म्हणून आईच्या वाणसामानाच्या वहीतली पानं फाडून बसलो आहे. एका पानाच्या मागे हळद आणि मोहरी लिहिलेली सापडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझे आप्पा, चिंतामणकाका, आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, तू पाचगणीच्या शाळेत पोरांना संगणक शिकवतोस आणि रोज स्कूटरवरून पसरणीचा घाट करतोस, हे मला ऑफिसातल्या उदयसिंहाकडून कळतं. आपल्या तेरा जणांपैकी आम्ही अकरा अजून त्याच नोकरीत आहोत. सोमवारी पहाटेची गाडी धरून पुणे, शुक्रवारी परत. तुझ्या खुर्चीवर आता एक नवीन मुलगा बसतो. तो चांगला आहे, पण तू बसवून दिलेलं काम बिघडलं की अजून तुझंच नाव निघतं, आणि ते निघालं की मी पाणी प्यायला उठतो.

कराडची ती बैठक तुला आठवत असेल. आपली कंपनी विकली गेल्याला दोन महिने झाले होते. नव्या मालकांचं पहिलं पत्र साखर पेरलेलं होतं, दुसऱ्यात हुकूम होता. आठवड्याचे पाचही दिवस पुण्याला हजर, दारात कार्ड पंच, नाहीतर राजीनामा दिला असं धरू. चार वर्षं आपण घरी बसून काम केलं होतं, एक तारीख चुकवली नव्हती. तू काकांकडून सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घेत होतास, झटक्यानंतर त्यांचा डावा हात तुझ्यामुळेच हलायला लागला होता. तुझं जाणं म्हणजे त्यांचं पुन्हा खाटेवर पडणं, हे सगळ्यांना समजत होतं. म्हणून साताऱ्याचे सात आणि सांगलीचे सहा हायवेवरच्या हॉटेलात जमलो आणि ठरवलं, एकही जण जायचा नाही. बोलायचं तर तेरा जणांशी एकदम बोला. पत्रावर पहिली सही तुझी होती.

मला सूर्य मावळायच्या आत जेवायचं होतं, त्यावरून जयराजने किती खेचली. "आवरा रं, भरतेशचा सूर्य बुडाय लागला, मग उपाशी माणूस सही कशी करंल?" पण सही करायला दोघे जण कचरत होते, आणि तिथे मला चेव आला. आमच्याकडे माणसं नियम घेतात, कुणी मीठ सोडतं, कुणी हिरवी भाजी. मी उभा राहून सांगितलं, हा हुकूम मागे घेईपर्यंत गूळ-साखर सोडली. जेवणानंतर गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय माझा हात धुतला जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दोघांनी मुकाट्याने सह्या केल्या. तू म्हणालास, आता काळजी नाही, जैनाचा नियम आहे. मला फार बरं वाटलं होतं, सुमंत. आयुष्यात इतकं बरं मला क्वचित वाटलं असेल.

पुढचे पंधरा दिवस आपण खरंच टिकलो. वरचे साहेब गोडीने बोलायला लागले होते, दोन दिवस या, तीन दिवस या, असा सूर निघाला होता. आणि मग त्या शुक्रवारी त्यांनी तुला फोनवर घेऊन सांगितलं की तुमच्यातला एक जण मंगळवारी येऊन कार्ड लावून गेला, मग बाकीच्यांनाच कसली अडचण? नाव सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती. रविवारपर्यंत जो तो आपापली बॅग भरत होता. पत्रावर पहिली सही तुझी होती म्हणून तुला मुदतही न देता काढून टाकलं.

त्या रविवारी मी तुला फोन केला होता. तुला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, जयराज मंगळवारी पुण्यात होता ना? तो होताच. उदयसिंहाच्या पुण्यातल्या मेहुण्याने त्याला स्वारगेटला पाहिलं होतं. अकरावीपासूनचा तुझा मित्र, सांगलीत एका खोलीत चार वर्षं काढलेली. मग तू ठेवतो म्हणालास आणि ठेवलास. जयराज सगळ्यांना सांगत सुटला, "गड्या, मी आईचा डोळा दाखवाय गेलतो रं. कार्ड तर म्हसवडला कपाटात हाय, बघा की येऊन." कुणी गेलं नाही. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला, तेव्हा लोक म्हणाले, मन खातंय त्याला. नोकरी वाचवायला फितूर झालेला माणूस नोकरीच सोडेल कशाला, एवढा साधा हिशेब तेरा संगणकवाल्यांपैकी एकाला जमला नाही. मला जमला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत क्षमावाणी आली. या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर. हल्ली एकच निरोप दोनशे जणांना जातो, तसा तुलाही गेला. तू उत्तर पाठवलंस, "तुझं काय चुकणार, वेड्या. काळजी घे, आणि आता तरी गूळ खा." ते मी अजून पुसलेलं नाही.

गूळ मी खाल्ला नाही. हुकूम मागे घेतला नाही, म्हणून नियम चालू आहे. हिवाळ्यात माझं लग्न झालं, तेव्हा पंगतीत सगळ्यांना जिलेबी वाढली आणि मला काकडीच्या फोडी. चंदना रोज माझा चहा वेगळा करते आणि माहेरी अभिमानाने सांगते. आई देवळात सांगते, "वरीस झालं, पोराच्या तोंडात गुळाचा खडा न्हाई." परवा पर्युषण पर्वाच्या समारोपाला उपवास करणाऱ्यांचे सत्कार झाले, तिथे हरणाबाई म्हणून आमच्या गल्लीतल्या आजी आहेत, त्यांनी माझं नाव पुढे केलं. दहा-दहा दिवस उपाशी राहिलेल्या बायकांच्या रांगेत मला उभं केलं, नारळ दिला, शाल घातली. मी ती घेतली. मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं आणि तरी मी फोटोसाठी शाल नीट केली.

तो फोटो चंदनाने लावला आणि रात्रीच्या आत जयराजचा निरोप आला. त्याने लिहिलं आहे: "नियम पाळावा तर तू. सगळ्यांनी माझ्यावर आळ घेतला, तू एकटा कवा एक शब्द बोलला न्हाईस, ते इसरलो न्हाई. एक काम कर गड्या, सुमंतला इचार, मी एकदा वाईला येऊ का. त्याच्या आप्पांना बघायचं हाय." सुमंत, त्या मंगळवारी कार्ड मी लावलं होतं. चंदनाचे वडील, भाऊसो, आदल्या रविवारी लग्नाचं बोलायला आले होते. "कंपनी इकली म्हणं, नोकरी हाय न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मला ठरत आलेलं लग्न मोडताना दिसलं. आईला सांगितलं बाहुबलीला दर्शनाला जातो, आणि पुण्याला गेलो. चार तास बसलो. वाटलं, कागदोपत्री आपलं नाव राहील, मशीन कुणाला सांगणार आहे? दुपारी कॅन्टीनमध्ये शिरा होता, तो मी नियम आहे म्हणून परत केला, आणि मनाला म्हणालो, मी अजून तुमच्यातलाच आहे. तुला फोन केला तेव्हाही मी खोटं बोललो नव्हतो, नुसतं विचारलं होतं. असं वर्षभर मी स्वतःला सांगत आलो.

तू बाहेरगावी काम शोधत फिरलास तेव्हा काकांच्या व्यायामाला चार महिने खंड पडला, तुझी नोकरी गेली, आणि तुझा मित्र गेला. पहिल्या दोन गोष्टी माझ्याच्याने भरून निघणार नाहीत. तिसरी निघेल, म्हणून हे लिहिलं. जयराजचा नंबर तू काढून टाकलास असं उदयसिंह म्हणाला, तो मागच्या पानावर मोहरीच्या खाली लिहिला आहे. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही, उद्या सकाळच्या एसटीने म्हसवडला जाऊन तोंडावर सांगणार आहे. चंदनाला हे पत्र मिटण्याआधी वाचायला दिलं आहे. ती वाचून स्वयंपाकघरात गेली, अजून बाहेर आलेली नाही. आज क्षमा मागायचा दिवस आहे, पण तुझ्याकडे मी ती मागत नाही. तू आधी जयराजला फोन कर. त्याला वाईला बोलाव.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
भरतेश