देवघरातला बूट आणि महामायाचं विरजण

सोनाळा, शुद्ध षष्ठी, दुपार

चि. अविनाश,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझं पाकीट मंगळवारी पोचलं. आत निघालं ते असं: पेनड्राइव्ह नग एक, टोपणासह, तुझी सूचनांची चिठ्ठी एक, वंदनाने पाठवलेली गुडघ्याच्या तेलाची बाटली एक (फुटली नाही, पण झाकण सैल, म्हणून सगळ्यालाच तेल लागलं आणि सूचना क्रमांक चार आता कागदाच्या दोन्ही बाजूंनी वाचता येते). माझा खर्च: संग्रामपूर एसटी जाऊन-येऊन तीस रुपये (बायकांना अर्धं तिकीट, म्हणून तुझ्या भाऊजींना न पाठवता मीच गेले), कॉपी करायचे चाळीस. चहा घेतला नाही. वंदनाची कंबर कशी आहे? तुझी जागरणं कमी झाली का? आमच्याकडे सगळं बरं आहे, मेथी सोडून.

मेथीचं तू ऐकलंस ते भाऊजींच्या तोंडून. फोन त्यांचा, तोही ते स्पीकर लावून बोलतात, त्यामुळे माझी बाजू राहूनच गेली. वद्य एकादशीला दुपारी मी भजनाला गेले, आणि परत येते तो मागच्या मळ्यातले मेथीचे चारही वाफे बुडखापासून साफ. भाऊजी तडक मारुतीच्या पारावर गेले आणि शेजारच्या हिंमतरावांच्या बोकडावर आळ घालून मोकळे झाले. हिंमतराव म्हणाले, "तू पाह्यलं काय बे?" तर हे म्हणतात, "म्या नाई पाह्यलं, पन डब्यानं पाह्यलं!" डबा म्हणजे तू बसवून दिलेला तो सर्व्हर, ज्यात मळ्यातल्या कॅमेऱ्याची महिनाभराची फिल्म साठते. पौर्णिमेला टीव्ही पारावर आणून साऱ्या गावाला दाखवतो, बोकड दिसला नाही तर हात जोडून माफी मागतो, असं सांगून आले. घरी येऊन बघतात तर डबा बंद. यात माझी फजिती अशी की हिंमतरावांची बायको महामाया भजनात माझ्याच शेजारी टाळ वाजवते, आणि वीस वर्षं आमच्या घरचं विरजण तिच्याकडून येतं. त्या दिवसापासून ती पेटीच्या पलीकडे जाऊन बसते. दहा दिवस झाले, घरात दही नाही. (विकतचं आणणं माझ्या हातून होणार नाही, हे तू जाणतोस.)

तुझ्या सांगण्यावरून डबा टीव्हीला जोडला, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ती मी तुला फोनवर एकेक करून वाचून दाखवली. दहावीला इंग्रजीत सदतीस मार्क होते, त्यातले निम्मे त्या दिवशी खर्ची पडले. मग तू म्हणालास, बूट खराब झालाय. अरे, डबा देवघरात, खालच्या फळीवर (इन्व्हर्टरचं बटण तिथेच आहे ना)! म्हणजे दोन वर्षं मी रोज बुटाला उदबत्ती ओवाळत होते? मी गोमूत्राची बाटली उचलली तेव्हा तू फोनमधून जो ओरडलास, तो हिंमतरावांच्या बोकडानेही ऐकला असेल. पुढे तू समजावलंस की हा बूट पायातला नव्हे, डबा सुरू करून देणारा पेनड्राइव्ह; फिल्म आतल्या मोठ्या डिस्कवर आहे, तिला धक्का नाही. तेव्हा कुठे मला उमगलं: म्हणजे विरजणच की! चमचाभर असतं, पण ते नसलं तर पातेलंभर दूध नुसतं बसून राहतं. इतकं सोपं होतं, तर आधी पायताणाची भाषा कशाला?

चिठ्ठीत तू लिहिलंस की जुना पेनड्राइव्ह पुरता मरायच्या आत नव्यावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा, आणि उलट केलं तर दोन्ही कोरे होतील. दोन्ही काळे, जुळ्या भावांसारखे. म्हणून मी जुन्याला लाल दोरा बांधला, नव्याला पिवळा. संग्रामपूरच्या झेरॉक्सवाल्या मोतीरामने पहिलं काय केलं, तर दोरे अडतात म्हणून कात्रीने कापले आणि दोन्ही पेनड्राइव्ह टेबलावर सरमिसळ ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड छापायला गेला. परत येऊन मलाच विचारतो, जुना कोणता? मी दोन्ही नाकाला लावले. एकाला कापराचा वास, दुसऱ्याला वंदनाच्या तेलाचा. घोटाळ्याला जागाच नाही. मोतीराम म्हणाला, "वासावरून पेनड्राइव्ह वळखनारं गिऱ्हाईक म्या पह्यल्यांदाच पाह्यलं, काकू!" जुना तापून दोनदा अडकला. मी बाकावर माळ जपत बसले, तिसऱ्यांदा उतरला.

घरी येऊन नवा खोचला, बटण दाबलं, दिवा हिरवा झाला. देवापुढे साखर ठेवली, डब्यापुढेही चिमूटभर (आत टाकली नाही, घाबरू नको). जुना पितळी डबीत ठेवलाय, कशाला तरी होईल. वेळेवर जेवत जा.

तुझी वच्छलाताई

ता. क. भाऊजी मेहकरला नणंदेकडे गेलेत, उद्या संध्याकाळी येतील. डबा सुरू झाल्याचं त्यांना ठाऊक नाही. मी तो परत बंद करून ठेवलाय. कारण मी एकादशीची दुपार लावून बघितली. बोकड कुठेच नाही. आपली कालवड गंगी आहे, सावकाश, चारही वाफे. आणि तिच्याआधी टाळ काखेत मारून घाईने निघालेली, फाटक उघडं टाकणारी एक बाई आहे. तोंड दिसत नाही, पण साडी तू भाऊबीजेला दिलेली. तेव्हा भाऊजींच्या नावे एक पत्र टाक की फिल्म पुसली गेली. मी खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तर तुला लिहिते.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार तोच महामाया मागच्या दाराने आली. हातात वाटी. म्हणाली, "वच्छलाबाई, आमच्याच बोकडानं खाल्ली अशीन तुही मेथी. कालपासून बांधून ठेवला त्याले. हे घे विरजण, किती दिवस बिनदह्याची राह्यतं?" मी वाटी घेतली. तिकडे बोकड ओरडून राहिलाय, इकडे मी लिहून राहिलेय. दूध कोमट करून ठेवलं, पण विरजण लावायला हात होत नाही. तेव्हा वरचं ता. क. रद्द समज (खोडत नाही, कागद खराब दिसतो). डबा पुन्हा सुरू केलाय, तुला तिथून फिल्म बघता येते ना? मग भाऊजींना खरं तेच लिही: मी स्वतः पाहिलं, बोकड निर्दोष आहे, घरचीच कालवड आहे, पौर्णिमेची वाट न बघता जाऊन हात जोडा. फक्त फाटक कोणी उघडं टाकलं ते चित्रात नीट दिसत नाही, असं लिही. आणि फिल्म पुन्हापुन्हा लावू नका, नव्या पेनड्राइव्हला ताण पडतो, हेही घाल. साडी तुझी आहे, तेव्हा एवढं पाप तू वाटून घे. उलट टपाली कळव. बोकड बांधलेला आहे.