न ऐकलेलं वाक्य

मंगळवार, १४ तारीख
स्टुडिओ, दुपारचे दोन

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे. तू आणि मावशी ठीक असाल. फिजिओवाल्यानं सांगितलेले व्यायाम टाळत नाहीस ना? तू आळशी आहेस म्हणून विचारतो.

रोज फोन करणारा भाऊ पत्र काय लिहितोय, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी भडकतो, मग तू रडतेस आणि मुद्दा तिथल्या तिथे राहतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

इकडे डबिंगला नेमका कोर्टाचाच सिनेमा आलाय. परदेशी. नवरा-बायको होडीतून तळ्यात गेलेले, बायको एकटीच परत आलेली, आणि पुढे अडीच तास वकील एकमेकांवर खेकसतात. तिनं ढकललं, की तो पडला, की त्यानंच उडी मारली? शेवटपर्यंत सांगतच नाहीत. मराठी संवाद मी लिहितोय. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला एवढं काम देतात, हे तरी कबूल कर.

सकाळी शेवटचा सीन होता. न्यायाधीश विचारतात आणि ती बाई आपल्याकडे पाठ करून उत्तर देते. मूळ उत्तर तीन शब्दांचं. मी तिथे चांगलं लांबलचक, रडवणारं वाक्य घातलं. आवाज देणाऱ्या बाई चष्मा काढून म्हणाल्या, "अरे, ती तीन शब्द बोलली, तू मला निबंध दिलास!" रेकॉर्डिस्टकाका आतून म्हणाले, "बोला हो बिनधास्त. पाठीला काय ओठ असतात? काहीही बसतं."

सगळे हसले. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं. तेव्हापासून काम बंद आहे, डोकं दुखतंय अशी थाप मारलीय.

उद्या माझी साक्ष. वकीलबाईंचे सकाळपासून तीन फोन झाले. "जबाबात आहे तेवढंच बोलायचं. हुशारी नको आणि चिडायचं तर अजिबात नाही." जबाब मला पाठ आहे. "मी स्टुडिओच्या गेटपाशी उभा होतो. भावजींनी ताईला रस्त्यावर ढकललं. ढकलताना ते म्हणाले, जा, एकदाची ब्याद टळू दे. तेवढ्यात व्हॅन आली."

ताई, मी गेटपाशी नव्हतो.

दुसऱ्या मजल्यावर होतो, आत्ता बसलोय त्याच खिडकीशी. या खिडकीला दोन काचा आहेत, मध्ये चार बोटांची पोकळी. खाली कुणी ढोल बडवले तरी आत काही येत नाही, नाहीतर रेकॉर्डिंग कसं होणार? व्हॅनचा ब्रेकसुद्धा मला ऐकू आला नाही. लोक पळायला लागले ते दिसलं, तेव्हा मी जिन्यावरून धावलो. रेकॉर्डिस्टकाका तेव्हा माझ्या मागेच बसले होते. पोलिसांनी त्यांना विचारलंच नाही. मला ते एकदाच म्हणाले, "मी होऊन कुठे जाणार नाही. पण बोलावलं तर खोटं बोलणार नाही, बाबा."

चहा आलाय. पिऊन पुढचं लिहितो.

साडेतीन

चहा गार झाला, तसाच प्यायलो.

पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो. त्या दिवशी मी खिडकीत का होतो, हे तू कधी विचारलं नाहीस. माझ्या हातात फोन होता. तुझ्या नणंदेचा मेसेज आला होता. "दादाला सगळं कळलंय. आपण थांबू या."

वर्षभर चाललं होतं आमचं, ताई. तुझ्या घरी मी उगाच येऊन बसायचो, ते तुझ्या हातच्या चहासाठी नव्हे. तिच्यासाठीच कॉलेज सोडलं, लवकर कमवायला लागलो म्हणजे बोलता येईल म्हणून. तुला सांगणार होतो. तुझंच घर आधी इतकं तापलेलं होतं की धीर झाला नाही.

मेसेज वाचून मान वर केली तर खाली तुम्ही दोघं. तू मला डबा द्यायला आलेलीस आणि भावजी तुझ्या मागोमाग, बहुतेक मलाच झापायला. ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. तू हात उडवून काहीतरी बोलत होतीस. तू वळलीस, रस्त्याकडे निघालीस. त्यांचा हात पुढे गेला आणि तुझ्या दंडाला लागला. एवढं मी पाहिलं. एवढंच. मग मध्ये व्हॅन आली.

ढकलायला गेला होता की ओढायला, मला माहीत नाही. दंडावरच्या चार बोटांच्या खुणा डॉक्टरांनी कोर्टात सांगितल्या, पण त्यांनाही पुढचं सांगता आलं नाही. आठ महिने मी तो हात डोळ्यासमोर आणतो. माझं भावजींशी वाकडं असेल त्या दिवशी तो ढकलतो. तुझ्या नणंदेची आठवण आली की तोच हात ओढायला लागतो. आणि कधी कधी तू स्वतःच पाय पुढे टाकतेस. रागावू नकोस. त्याच आठवड्यात तू म्हणाली होतीस, "एक दिवस चालायला लागेन आणि थांबणार नाही."

वाक्य मात्र मी घातलं. त्या संध्याकाळी हवालदारानं विचारलं, "काही बोलला का तो?" आणि माझ्या तोंडून धडाधड आलं. ब्याद काय, टळू दे काय! भावजी असं कधी बोलतात का? तुझी तक्रारच ती होती, की भांडताना हा माणूस भिंतीसारखा गप्प होतो आणि त्यानंच जास्त जीव जातो. ते ‘ब्याद’ मी आदल्या दिवशी एका खलनायकासाठी लिहिलं होतं.

भावजी देव आहेत असं मी म्हणत नाही. तुझा फोन भिंतीवर फोडला तो त्यांनीच, ते मी पाहिलंय. म्हणून तर वाटायचं, एक वाक्य माझं असलं तर बिघडलं कुठे?

पण गेल्या गुरुवारी तू पिंजऱ्यात उभी राहिलीस. वॉकर बाजूला ठेवलास. वकीलबाईंनी विचारलं आणि तू म्हणालीस, "हो, मला आठवतंय. ते म्हणाले, जा, एकदाची ब्याद टळू दे." अगदी तशाच ठसक्यात. डोळ्यांत पाणी आणून.

ताई, हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आलीस तेव्हा तू मला विचारलं होतंस, "मला काय झालं रे?" तुला सकाळचा डबा भरलेलासुद्धा आठवत नव्हता. मीच सांगितलं. रोज विचारायचीस, रोज सांगायचो. तू खोटं बोलत नाहीयेस. तुला खरंच आठवतंय. तेच मला सहन होत नाहीये. भावजी समोर बसून तुझ्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, स्वतःशी काहीतरी आठवून बघत होते. आपण असं बोललो का, म्हणून!

पाच वाजले

उद्या मी सांगणार आहे, हात पाहिला, ऐकलं काहीच नाही. खोट्या जबाबाबद्दल जे होईल ते भोगीन. केस कदाचित पडेल. ज्याच्या भीतीनं तू मावशीकडे दार लावून झोपतेस तो माणूस माझ्यामुळे सुटेल. आणि भीती खरी असली तर?

तुला वाटेल, पोरीसाठी पलटला. मलाही दोन दिवस स्वतःबद्दल तोच संशय होता, म्हणून काल तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू काहीही सांग, मी परत येणार नाही. ज्यानं एवढं रचलं, त्याच्याबरोबर मला घाबरूनच राहावं लागेल." तेव्हा त्या बाजूनं मला काही मिळायचं नाही.

हे पत्र आज रात्रीच मावशीच्या हाती देतो. ते वकीलबाईंना दाखवू नकोस, असं लिहिणार होतो. दाखव. तुझं जे ठरेल ते कर.

मी उद्या दहाला गाडी घेऊन येईन, दर तारखेला येतो तसा. दार उघडलं नाहीस तर बेल पुन्हा वाजवणार नाही. पण कोर्टाच्या पायऱ्या एकटीनं चढू नकोस. माझा हात नको असेल तर मावशीचा धर, पण धर.

तुला काय झालं ते ज्याला माहीत नाही, आणि तरी ज्यानं तुला सांगितलं, तो

तुझा धाकटा