एकविसाव्या फेरीपर्यंत

३ डिसेंबर
आज पण नाही! जंगलात गाइड झाली त्याले महिना झाला, एकोणीस फेऱ्या झाल्या, वाघाचं शेपूट पण नाही. बाबूलालभाऊ — जिप्सी त्यायची, चालवते तोंडच जास्त — मुक्की गेटवर सगळ्यायसमोर: "मयुरी बसली का वाघ रजेवर!"
मी पण हसली. काय करू, रडू?

५ डिसेंबर
बारासिंगा दाखवला. शिंगावर गवत अडकवून, नवरदेवावानी! पाहुणे म्हणते — "ये तो हिरन है। टायगर किधर है?"
संध्याकाळी आमचे गाइडायचे मुखिया, सुखरामदादा: "तक्रारी येऊन राह्यल्या, बाई. सोमवारपासून तिकीट खिडकीवर बस."
खिडकी! खैरलांजीहून इतक्या दूर खिडकीत बसाले आली का मी?

६ डिसेंबर
सुट्टी. जेवली नाही. मग दोनदा जेवली.

७ डिसेंबर
शेवटची फेरी. बालाघाटच्या अलकनंदाबाई, सत्तरीच्या, संगं सून गीतावहिनी. बाई चढताना कळलं — त्यायले दिसत नाही. बाबूलालभाऊ हळूच: "चल, इनको बाघ नहीं दिखा तो भी चलेगा!"
बाईनं ऐकलं! मले तर धरती फाटावी असं झालं. पण त्याच खळखळून हसल्या. "बरोबर आहे हो. मला ऐकवा जंगल."
सालवनात गाडी बंद केली. पानांवरून दव — टप, टप. भृंगराज दुसऱ्या पाखरायचे आवाज काढून राह्यलता. बाई म्हणाल्या, "आमचे हे अशीच साहेबांची नक्कल करायचे!" मी एकेक सांगत गेली. थांबलीच नाही.
एकदम त्यायनं माझं मनगट धरलं. "गप्प. कोणीतरी घाबरलंय."
चितळ! ओरडून राह्यलतं, अन् मले माझ्याच बडबडीत ऐकू नाही आलं. मग वानर. मग बांबूत, अगदी जवळ — आऊंऽऽ! गाडीचा पत्रा थरथरला. पुन्हा एकदा. मग काहीच नाही.
दिसला नाही. कोणालेच नाही. गीतावहिनीच्या डोळ्यात पाणी, बाबूलालभाऊ गप. (गप!!)
बाई हळूच म्हणाल्या, "पोरी, आज आपण सगळे सारखेच."

९ डिसेंबर
खिडकीवर पहिला दिवस. पहिलाच फोन, एका अंधशाळेतून. "अलकनंदाजी ने बताया। बारह बच्चे लाने हैं। मयुरी नाम की गाइड मिलेगी?"
"हौ," मी म्हटलं, "मिलेगी." अन् खिडकी लावून सुखरामदादाकडे निघाली.