एक वीत माया

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार रीत म्हणून लिहिलेला नाही. मी खरोखर पालथी पडून लिहिते आहे, आठही अंगं टेकलेली आहेत, आणि ती ज्यावर टेकली आहेत तो तोच बाक आहे, जो तुझ्या मते या जन्मी होणार नव्हता. झाला. दिवसा बाक, रात्री पलंग. तुझी कंबर, वहिनीचा गुडघा आणि तुझा राग, तिघांची प्रकृती कशी आहे ते कळव. पहिल्या दोघांची मला मनापासून काळजी आहे.

फोनवर तू जे बोललास ते मी विसरलेले नाही. "शिवणकाम वेगळं, सुतारकाम वेगळं. आणि आई काय कापडाचा तागा आहे, गुंडाळून गाडीत टाकायला?" एवढं बोलून तू फोन ठेवलास. (आधी ठेवलास आणि "ठेवतो" नंतर म्हणालास, तुझी जुनी सवय.) म्हणून हे पत्र. पत्रही मध्येच ठेवून देता येतं म्हणा, पण निदान मला त्याचा आवाज ऐकू येणार नाही.

तू पूल तपासणारा माणूस, तुला आधी पाया दाखवावा लागतो, म्हणून पुन्हा सांगते. आईला मावशीकडे जायचं आहे. दोघी रोज फोनवर भांडायच्या तोवर ठीक होतं, पण मावशीला आता फोनवरचं काही ऐकू येत नाही. आई इकडून ओरडते, "जेवलीस का?" मावशी तिकडून म्हणते, "बरं बरं." आई विचारते, "औषध घेतलंस का?" "बरं बरं." परवा आईने मुद्दाम विचारलं, "मी मेले तर येशील का गं?" "बरं बरं." आई खूप हसली म्हणे, आणि मग फोन उशीखाली सरकवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तू कामावर होतास, हे मला वहिनीने सांगितलं. समोर बसलं की मावशीला ओठांवरून सगळं कळतं. पण ती घराबाहेर पडत नाही, वाट दोन दिवसांची आहे, आणि आईची पाठ तिला तासाभराच्या वर बसू देत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने गाडी थांबवायची, बाकाचा पलंग करायचा, आईने पाठ टेकायची, की पुन्हा निघायचं. यात तुला वेडेपणा कुठे दिसला ते मला अजून समजलेलं नाही.

गाडी तुला माहीत आहेच. बेकरीवाल्याची जुनी छोटी व्हॅन, तुझ्या मेव्हण्यांनी घेतली. आत अजून पावाचा वास येतो, त्यामुळे जो आत बसतो त्याला भूक लागते. इंजिनही थकलेलं. त्यात तू सुचवलास तसा जाडजूड लाकडी दिवाण घातला असता तर पहिल्याच चढावर गाडीने हात टेकले असते. शिवाय तो दिवसातून दहादा उघडायचा-मिटायचा कोणी? मीच ना? म्हणून हलकं काहीतरी हवं, असं मी म्हणाले, तर तू म्हणालास, "आपल्या घरात हलकं काम चालत नाही." दादा, तुझ्या लेखी हलकं म्हणजे कमी प्रतीचं. मी जन्मभर कापडात काम केलं आहे. माझ्या लेखी हलकं म्हणजे जे अंगावर आहे हे विसरायला होतं ते.

तर, पातळ प्लायवूडच्या तीन फळ्या, बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, खाली ॲल्युमिनियमच्या पाइपचे पाय. एक फळी बसायला, एक पाठीला, एक बैठकीखाली दुमडलेली. पट्टा ओढला की पाठ मागे आडवी होते, दुमडलेली पुढे येते, आणि झाला पलंग. गाद्या अर्थात मीच शिवल्या. गाडी चालताना बाक पट्ट्यांनी जमिनीला बांधायचा, थांबलो की सोडायचा. सोडल्यावर मी तो एकटी उचलून झाडाखाली नेऊ शकते. (नेऊन दाखवला. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. बघू देत.)

माप आईचं घेतलं. मागच्या खेपेला ती दुपारी झोपली असताना मी टेप घेऊन तिच्या टाचेपासून डोक्यापर्यंत मोजत होते, तेव्हा तू दारातून विचारलंस काय चाललंय, आणि मी म्हणाले गाऊन शिवते आहे. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाचं असं माप घेताना बघून वहिनी बिचारी केवढी दचकली होती! गाडी लहान, आई लहान. दोघींची मापं अगदी जमत होती.

आता पुढचं ऐकून तू हसणार आहेस. हस, पण वहिनीसमोर हस, म्हणजे तीही हसेल. तिला तशी संधी कमी मिळते. फळ्यांवर खुणा मी माझ्या दुकानातल्या टेबलावर, माझ्या खडूने केल्या. आणि आमच्या धंद्यात माप कधी नेमकं कापत नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवायची. ती शिवणीत दबून राहते, आणि पुढे माणूस अंगाने सुटला की उसवून सोडता येते. हात सवयीने चालला. तीन फळ्या, प्रत्येकीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन बोटं. तुझ्या हिशेबी डोक्याला सांगायला नको, भरली एक वीत. सुताराने विचारलं, "ताई, हे जास्तीचं काय आहे?" मी म्हणाले, "माया." तो म्हणाला, "बरं, तुमची माया, माझी करवत," आणि खुणेबरहुकूम कापून मोकळा झाला.

बाक गाडीत घातला तर मागचं दार लागेना. पुढे सरकवला, मग दार लागलं, पण पुढची सीट पुढे गेली, आणि तुझे मेव्हणे आता स्टिअरिंगला मिठी मारून गाडी चालवतात. (इतकी घट्ट मिठी मारता येते त्यांना हे मला इतक्या वर्षांनी कळलं.) सगळे म्हणाले, वीतभर कापून टाक. मी नाही कापली. शिवणीतली माया कापून टाकतो तो शिंपी नवखा. एकदा कापलेलं पुन्हा सोडता येत नाही. फक्त पाय जुन्या मापावरच बसवलेले होते, त्यामुळे ती वीत पायथ्याच्या बाजूला अधांतरी राहिली. राहू दे म्हटलं, कोणाचं काय खाते?

समोरच्या काकू कौतुकाने बघायला आल्या आणि चपला काढायला नेमक्या त्या टोकावर टेकल्या. उशाकडची बाजू सरळ वर! माझी कात्री, तुझ्या मेव्हण्यांचा चष्मा आणि चहाचा थर्मास घसरगुंडीवरून आल्यासारखे काकूंच्या ओटीत. काकू पडल्या नाहीत, सावकाश खाली उतरल्या म्हणू या. वर म्हणाल्या, "अगं, हा पलंग आहे की उलथणं?" मग तुझे मेव्हणे वजन म्हणून उशाकडे बसले आणि काकू पुन्हा टोकावर बसल्या, तर तेही वर गेले. त्यांची तब्येत तुला माहीतच आहे. हा बाकाचा दोष नाही. त्याच्या हलकेपणाचा पुरावा आहे.

तेव्हा शनिवारी सकाळी आम्ही आईला न्यायला येतो आहोत. परवानगी मागत नाही, कळवते आहे. तिची पिशवी भरलेली आहे, कुठे लपवली आहे ते विचारू नकोस, आणि वहिनीवर रागावूही नकोस. तुला भीती वाटते, हे मला दिसत नाही असं नाही. तू रोज पुलाखाली उभा राहून वर बघतोस, कुठे तडा गेलाय ते शोधत. हल्ली आईकडेही तसाच बघतोस. ती चहा पिते, तू बघतोस. ती जिना उतरते, तू बघतोस. आई पूल नाही रे, दादा. तिला फक्त तिच्या बहिणीशी समोरासमोर भांडायचं आहे, आणि दोघींकडे भांडायला फार वर्षं उरलेली नाहीत.

वहिनीला नमस्कार. आईला काही सांगू नकोस, तिला सगळं माहीत आहे.

हलकं काम करणारी,
तुझी धाकटी बहीण

ता. क. : सोबत बाकाचं चित्र पाठवते आहे. चुका काढ, पण लाल शाईने नको.

ता. क. दुसरा : आई चपला पलंगाच्या पायथ्याशी बसूनच घालते. ही सवय आता मोडणार नाही, म्हणजे त्या वेळी उशाकडे कोणीतरी भारदस्त बसायला हवं. वाळूची गोणी ठेवून पाहिली, पण मग बाक हलका करण्यात अर्थ काय, आणि गोणी वाटेत बोलतही नाही. (तूही फारसा बोलत नाहीस, पण निदान कुरकुरतोस.) तुझ्याइतकं जड माणूस आमच्या ओळखीत दुसरं नाही. इतकी वर्षं पुलांवर दुसऱ्यांची वजनं चढवून पाहिलीस, एकदा स्वतःचं ठेवून बघ. रजा टाक.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार इतक्यात सुतार आला. काकूंनी त्याला सगळं रंगवून सांगितलं होतं. "एक पाय जास्तीचा लावला की संपलं," म्हणाला आणि बोलता बोलता लावूनही गेला. या ओळी मी त्याच टोकावर बसून लिहिते आहे, आणि पलंग जागचा हलत नाही. म्हणजे वजनासाठी आता कोणाची गरज नाही. तरी तू ये. वीत मी अजून कापलेली नाही. माप आईचं होतं, आणि आईपेक्षा वीतभर उंच आपल्या घरात एकच माणूस आहे.